सुरुवात ‘डोन्ट’पासून नको

वाचकाचं पत्र

नमस्कार ताई. माझा मुलगा सात वर्षांचा आहे, इंग्रजी माध्यमात दुसरीत शिकतो. ‘डोन्ट’, ‘डिडन्ट’, ‘इझन्ट’ असे शब्द लिहिताना तो अपॉस्ट्रॉफी हटकून चुकीच्या जागी देतो. डी, ओ, मग वरचा कॉमा, मग एन-टी. कधी कधी तो कॉमा द्यायचाच विसरतो. नियम कितीदा तरी सांगून झाला. एकेक शब्द वीस-वीस वेळा लिहून घेतला. तेवढ्यापुरतं बरोबर येतं, पण निबंध लिहिला की पुन्हा तेच. आता तर ‘वॉन्ट’ आणि ‘वेन्ट’ यांतही कॉमा द्यायला लागलाय. वहीवर ‘निष्काळजी’ असा शेरा आला. तेव्हापासून तो हे शब्दच टाळतो, सगळीकडे ‘डू नॉट’, ‘डिड नॉट’ असं लांबलचक लिहितो. त्याचे बाबा म्हणतात, लक्ष नसतं त्याचं. मी स्वतः मराठी माध्यमात शिकले. हे मी शिकवावं, की शिकवणी लावावी? आणि धाकटी चार वर्षांची आहे, तिला आत्तापासूनच शिकवून ठेवू का?
– एक आई

उत्तर

नमस्कार. तुमचं पत्र वाचून पहिली गोष्ट मनात आली ती अशी, की तुमचा मुलगा निष्काळजी नाही. निष्काळजी मूल रोज वेगळी चूक करतं. तुमचा मुलगा रोज एकच चूक करतो, तीही एकाच जागी. याचा अर्थ त्याच्या डोक्यात एक नियम पक्का बसलाय आणि तो इमानदारीने पाळतोय. फक्त तो नियम इंग्रजीचा नाही, त्याने स्वतः तयार केलेला आहे.

त्याचा नियम काय असेल ते सांगते. (इथे अक्षरं देवनागरीत लिहितेय. वाचताना डोळ्यांपुढे रोमन अक्षरं आणा, म्हणजे सोपं जाईल.) आपण मुलांना सांगतो, ‘डू’ आणि ‘नॉट’ हे दोन शब्द जोडले की ‘डोन्ट’ होतो आणि जोडताना अपॉस्ट्रॉफी द्यायची. मूल यातला ‘जोडताना’ हा शब्द नेमका उचलतं. जोड कुठे आहे? ‘डू’ संपतो आणि ‘नॉट’ सुरू होतो तिथे. मग तो कॉमा अगदी त्या सांध्यावर बसवतो, डी-ओ आणि एन-टी यांच्या मध्ये. त्याच्या दृष्टीने दोन शब्दांमधली मोकळी जागा गेली आणि तिच्या जागी कॉमा आला. तर्क चोख आहे, फक्त कॉमा कशासाठी येतो हे त्याला कुणी दाखवलेलं नाही. कॉमा जोड दाखवायला येत नाही, तो गळलेलं अक्षर दाखवायला येतो. ‘नॉट’मधला ओ गळतो, म्हणून कॉमा त्या ओच्याच जागी, म्हणजे एन आणि टी यांच्या मध्ये बसतो.

आता तुम्ही म्हणाल, हेच तर मी सांगितलं होतं. सांगितलं असेलच. पण ‘डोन्ट’ हा शब्द घेऊन सांगितलं असेल, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. आणि माझ्या मते सगळी गडबड तिथे होते. ‘डू नॉट’मध्ये ओ दोन आहेत. एक ‘डू’चा, एक ‘नॉट’चा. आपण म्हणतो, ‘ओ जातो आणि त्याच्या जागी कॉमा येतो.’ मुलाला समोर काय दिसतं? डीच्या शेजारी एक ओ तर चांगला जागच्या जागी आहे. मग गेला कुठला? तो गोंधळतो आणि दिसणाऱ्या ओला चिकटवून कॉमा देऊन टाकतो. त्यात ‘डू’चा उच्चार ‘डोन्ट’मध्ये बदलतो, म्हणजे कानाचीही मदत नाही. वापरात हा शब्द सगळ्यात जास्त येतो हे खरं, पण शिकवायला पहिला म्हणून तो फार वाईट. ‘कुड’, ‘वुड’, ‘शुड’, ‘डझ’ यांच्यातही स्वतःचा ओ आहे, म्हणून तेही थोडे मागे ठेवा.

सुरुवात ‘इझ नॉट’, ‘डिड नॉट’, ‘हॅझ नॉट’, ‘हॅड नॉट’, ‘वॉझ नॉट’, ‘आर नॉट’ यांपासून करा. रोमनमध्ये यांत ओ एकच असतो, ‘नॉट’मधला. ‘वॉझ’ ऐकताना ओ वाटतो, पण लिहिताना तिथे ए आहे.

आणि सांगू नका, हाताने करायला द्या. जाड कागदाचे चौकोनी तुकडे कापा, एका तुकड्यावर एकच अक्षर. एका वेगळ्या रंगाच्या तुकड्यावर अपॉस्ट्रॉफी काढा, वरच्या बाजूला, जिथे ती खरी असते तिथेच. आता मुलाला ‘डिड’ आणि ‘नॉट’ मांडायला सांगा, मध्ये बोटभर जागा सोडून. मग दोन कामं दोन वेगळ्या वेळी करायची, आणि हा क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी फक्त दोन शब्द सरकवून जवळ आणायचे. ‘डिडनॉट’ असा एक लांब शब्द तयार झाला. इथे थांबा आणि विचारा, ‘आत्तापर्यंत काही हरवलं का?’ तो नाही म्हणेल. मग ‘कॉमा लागला का?’ नाही. शब्द जोडले गेले आणि कॉमाची गरज पडली नाही, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर ओचा तुकडा उचलायला सांगा आणि तो त्याच्या मुठीत राहू द्या. एन आणि टीच्या मध्ये खिंडार पडलेलं दिसेल. रंगीत तुकडा तिथे बसवायचा. जागेवरून उठून जाताना आपण खुर्चीवर पिशवी ठेवतो ना, ही जागा कुणाची तरी आहे हे कळावं म्हणून, तसा हा कॉमा ओची जागा धरून बसलाय, एवढं त्याला सांगा. दुसरा कुठलाही नियम त्या दिवशी सांगू नका.

हे उलटंही करून घ्या. ‘हॅझन्ट’ तुम्ही मांडून द्या, रंगीत तुकडा त्याला उचलू द्या, तिथे ओ परत ठेवू द्या आणि शब्द पुन्हा दूर सरकवू द्या. सोडवता आलं की जोडण्याचं मर्म कळतं. पाच-सात मिनिटं पुरेत. तो कंटाळण्याआधी तुम्हीच आवरतं घ्या.

तुम्ही मराठी माध्यमात शिकलात म्हणून हे तुम्हाला जमणार नाही, असं मनातसुद्धा आणू नका. शाळेत संस्कृत होतं का? ‘सोऽहम्’ आठवा. त्यातलं ते इंग्रजी एससारखं दिसणारं चिन्ह म्हणजे अवग्रह, ‘अहम्’मधला ‘अ’ लोप पावला त्याची खूण. काम तेच, अपॉस्ट्रॉफीचं. शिवाय आपण दिवसभर ‘येत नाहीये’, ‘बरं वाटत नाहीये’ म्हणतो, तिथे ‘नाही आहे’ची अक्षरं आपण गिळतोच. मराठी ते गिळणं कुठल्याही चिन्हाशिवाय लिहिते, इंग्रजी चिन्ह देऊन लिहिते, एवढाच फरक. तुमच्या मुलाला ही गोष्ट तोंडाने येतेच. त्याला विचारा, ‘नाहीये’ सावकाश, सुटं करून कसं म्हणशील? तो ‘नाही आहे’ म्हणेल आणि बहुधा हसेल. तिथून ‘डिडन्ट’वर यायला वेळ लागत नाही. शिकवणी लावण्यासारखं यात काही नाही. हे काम घरात, जमिनीवर बसून, तुकडे पसरून जितकं चांगलं होतं तितकं वर्गात चाळीस मुलांपुढे होत नाही.

ओ का गळतो आणि कॉमा कुठे बसतो हे नीट कळलं, की मग दुसरी पायरी. ती घाईने घेऊ नका, मधे काही दिवस जाऊ द्या. आता एन, अपॉस्ट्रॉफी आणि टी हे तीन वेगळे तुकडे न ठेवता एकाच पट्टीवर लिहा. ती पट्टी म्हणजे एक अखंड शेपूट. दुसऱ्या पट्ट्यांवर ‘इझ’, ‘डिड’, ‘हॅझ’, ‘हॅव्ह’, ‘वॉझ’, ‘वर’, ‘आर’ आणि आता ‘डू’, ‘डझ’, ‘कुड’, ‘वुड’, ‘शुड’, ‘मस्ट’ लिहा. मुलाने कुठल्याही पट्टीला ती शेपटाची पट्टी लावायची आणि झालेला शब्द मोठ्याने वाचायचा. लिहितानाही तोंडाने ‘एन, खूण, टी’ असं एका दमात म्हणू द्या. सांध्यावर कॉमा देण्याची जुनी सवय मोडायला या अखंड शेपटाइतका दुसरा उपाय मला ठाऊक नाही, कारण शेपूट मधे फोडायला जागाच उरत नाही.

स्पेलिंगच्या अनेक चुकाही याने जातात. मुलं ऐकू येतं तसं लिहितात. ‘डिडन्ट’मध्ये डी आणि एनच्या मध्ये काहीतरी स्वर आहे असं कानाला वाटतं, म्हणून ती तिथे ई घालतात. ‘मस्ट’ला शेपूट लावलं की मधला टी बोलताना ऐकूच येत नाही, म्हणून तो लिहिताना गाळतात. ‘डझन्ट’चं तर विचारूच नका. अशा वेळी त्याला एक पडताळा शिकवा: लिहिलेल्या शब्दाच्या शेपटावर, म्हणजे एन-खूण-टीवर, बोट ठेव. उरलेला शब्द पूर्ण आणि ओळखीचा असला पाहिजे. ‘डिडन्ट’चं शेपूट झाकलं, ‘डिड’ उरला, ठीक. ‘डिडे’ असं काही उरलं तर चुकलं. मूळ क्रियापदाच्या स्पेलिंगला धक्का लागत नाही, हे त्याला या एका बोटाने कळतं.

आणि याच पडताळ्यातून एक सुंदर गोष्ट आपोआप सापडते. तीन शब्द या बोटाला दाद देत नाहीत. ‘कान्ट’चं शेपूट झाकलं तर सी-ए उरतं, ‘वोन्ट’चं झाकलं तर डब्ल्यू-ओ, आणि ‘शान्ट’चं झाकलं तर एस-एच-ए. यातला एकही इंग्रजी शब्द नाही. हे तीन अपवाद आहेत असं तुम्ही आधी सांगून टाकू नका. ‘हे बघ, या ढिगात काही लबाड शब्द लपलेत, बोट ठेवून शोध,’ एवढंच म्हणा. स्वतः पकडलेला अपवाद मूल विसरत नाही.

‘कान्ट’चं कारण तुकड्यांनी दाखवता येतं. पूर्ण शब्द लिहिताना ‘कॅन’चा एन आणि ‘नॉट’चा एन असे दोन एन शेजारी येतात. आखूड करताना ओबरोबर एक एनही जातो, पण खूण मात्र एकच राहते. ‘शान्ट’मध्ये तर ‘शॅल’चे दोन्ही एल जातात. लुईस कॅरल हे लेखक या बाबतीत फार काटेकोर होते. जितक्या जागी अक्षरं गळली तितक्या खुणा हव्यात, असं त्यांचं म्हणणं. ते ‘कान्ट’ आणि ‘शान्ट’मध्ये दोन-दोन अपॉस्ट्रॉफी देत आणि १८९३ साली एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यांनी याचं समर्थनही केलं. उलट नाटककार जॉर्ज बर्नार्ड शॉ यांना असल्या शब्दांतली ही खूण नकोशीच वाटे, त्यामुळे ते ‘डोन्ट’, ‘कान्ट’ सरळ खुणेविना छापून घेत. हे तुमच्या यजमानांना जरूर वाचून दाखवा. ज्या खुणेच्या जागेवरून अशा लेखकांचं एकमत झालं नाही, तिच्यावरून सात वर्षांच्या पोराचं लक्ष नाही असं ठरवणं बरोबर नाही.

राहिला ‘वोन्ट’. तो तुकड्यांनी सुटत नाही, सोडवायला जाऊही नका. ‘विल नॉट’मधून ‘वोन्ट’ कसा होईल? झालेलाच नाही. जुन्या इंग्रजीत ‘विल’चं ‘वोल’ असंही एक रूप चालायचं, ‘वोन्ट’ त्याच्यापासून आला. पुढे ‘वोल’ मागे पडला, पण ‘वोन्ट’ टिकला. मुलाला ही गोष्ट दोन वाक्यांत सांगा आणि शब्द तसाच पाठ करू द्या. ‘शान्ट’ हल्ली फारसा कुणी वापरत नाही. पुस्तकात भेटला तर ओळखता यावा, इतपत पुरे.

तुकड्यांशी खेळता खेळता तो ‘अ‍ॅम’ला शेपूट लावेल. लावू द्या, आणि शाबासकीही द्या, कारण नियमाने ते अगदी बरोबर आहे. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये तो शब्द बोलण्यात आहेही. पण शाळेत शिकवतात त्या प्रमाण इंग्रजीत ती जागा रिकामी आहे. तिथे ‘आय अ‍ॅम नॉट’ आखूड करताना ‘नॉट’ तसाच ठेवतात आणि ‘अ‍ॅम’चा ए गाळून त्याच्या जागी खूण देतात.

आता ‘वॉन्ट’ आणि ‘वेन्ट’बद्दल. याने तुम्ही घाबरलात, पण मला हे वाचून बरं वाटलं. एन आणि टी शेजारी दिसले की तिथे काहीतरी करायचं असतं, इतकं त्याच्या लक्षात आलंय. ते कधी करायचं हे कळायचं बाकी आहे. त्याला विचारायला शिकवा: या शब्दात ‘नॉट’ लपलाय का? वाक्य नाही म्हणतंय का? ‘मला पाणी हवं’ या अर्थाचं वाक्य असेल तर तिथे नकार कुठला? मग खूणही नाही. ‘वॉन्ट’ आणि ‘वोन्ट’ ही जोडी तर मुद्दाम शेजारी ठेवा. पहिल्यात ए आहे आणि हवं असं म्हणायचंय, दुसऱ्यात ओ आहे आणि नकार आहे. पण ही छाननी शेपटाची पट्टी पक्की झाल्यावरच करा. शिकतानाच दोन्ही समोर टाकले तर गुंता वाढतो. आणि याच सुमारास ‘मांजराचं शेपूट’ वगैरे मालकी दाखवणारी अपॉस्ट्रॉफी शिकवायला घेऊ नका. तिचं काम वेगळं आहे. दोन्ही एका आठवड्यात आल्या, की मुलं साध्या अनेकवचनातही कॉमे पेरायला लागतात.

वीस वेळा लिहून घेणं मात्र आजपासून बंद करा. याबद्दल मला जरा कळकळीने सांगायचंय. असं लिहिणाऱ्या मुलाजवळ एकदा नुसतं बसून पाहा. ते पानावर आधी वीस डी काढतं, खाली खाली, मग वीस ओ, मग एन, मग टी, आणि सगळ्यात शेवटी वीस कॉमे टपाटप देत सुटतं. जो कॉमा अक्षराच्या ओघात यायला हवा, तो शेवटी वरून शिंपडायची चीज आहे, हेच त्याचा हात शिकतो. अक्षरं एकमेकांना जोडून लिहायचं इंग्रजी वळण (कर्सिव्ह) गिरवणाऱ्या मुलांचं आणखी एक होतं. हात न उचलता ती सबंध शब्द ओढतात, मग मागे येऊन आयवर टिंब देतात, टीला आडवी रेघ देतात, त्याच फेरीत अपॉस्ट्रॉफीही देतात. तोवर एन आणि टी एकमेकांना चिकटलेले असतात, मध्ये जागाच नसते. मग कॉमा जिथे मावेल तिथे बसतो. तुमच्या मुलाचं असं होतंय का ते पाहा. होत असेल तर उपाय हाताचा आहे, व्याकरणाचा नाही: एन लिहून पेन्सिल उचलायची, खूण द्यायची, मगच टी. एक शब्द असा दोन-तीनदा शांतपणे लिहिलेला वीस वेळा लिहिण्यापेक्षा चांगला.

निबंधात पुन्हा चुकतं म्हणालात. चुकणारच, कारण निबंध लिहिताना त्याचं डोकं गोष्टीत असतं, आणि ते तिथेच असायला हवं. लिहीत असताना अडवू नका. लिहून झालं, थोडा वेळ गेला, की ज्या ओळीत चूक असेल त्या ओळीपुढे समासात पेन्सिलने एक बारीक टिंब द्या. शब्दावर खूण करू नका, लाल पेन तर नकोच. ‘या ओळीत काहीतरी शोधायचंय’ इतकंच सांगा. टिंबं एका वेळी दोन-तीनच, बाकीच्या चुका त्या दिवशी सोडून द्या. शोधताना तो आखूड शब्द लांब करून वाचू दे. ‘हि डिडन्ट कम’ला ‘हि डिड नॉट कम’ करून बघितलं की जागा सापडते.

फक्त लांब करून वाचायचा हा सराव प्रश्नार्थक वाक्यांवर करू नका. ‘डोन्ट यू नो?’ लांब केलं तर ‘डू यू नॉट नो?’ होतं, म्हणजे ‘नॉट’ उडी मारून पलीकडे जातो. मोठ्यांनाही तिथे क्षणभर थांबावं लागतं. सध्या साधी विधानंच घ्या.

तो सगळीकडे ‘डू नॉट’ लिहितोय, याची मला चुकीच्या कॉमापेक्षा जास्त काळजी वाटते. ते लिहिणं चूक आहे म्हणून नाही. औपचारिक इंग्रजीत पूर्ण रूपच शोभतं आणि सूचना लिहिताना ‘डू नॉट टच’ असं ठासूनच लिहितात. पण तो भीतीने लपतोय. त्याला ओरडून बाहेर काढू नका, असं काहीतरी लिहायला द्या जिथे आखूड रूपाशिवाय गंमतच येणार नाही. चार चौकटींची चित्रकथा काढा, दोन मित्र भांडताहेत, त्यांच्या तोंडचे फुगे त्याने भरायचे. माणसं बोलताना ‘आय डिड नॉट टेक इट’ असं क्वचितच म्हणतात. फार चिडली किंवा पुन्हापुन्हा सांगून थकली की म्हणतात. तीच चौकट एकदा आखूड आणि एकदा पूर्ण रूपात मोठ्याने वाचून घ्या, साध्या आवाजात आणि रागाच्या आवाजात. कधी कुठलं वापरायचं हे त्याच्या कानाला कळेल. ही भाषेची खरी समज आहे, आणि शेऱ्याची भीती जाण्याचाही हाच रस्ता आहे.

किती दिवसांत जमेल, असंही तुमच्या मनात असणार. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्या मुलांनाही हे एका झटक्यात येत नाही. इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी, पाच-सहा वर्षांच्या मुलांनी असे शब्द नुसते वाचायचे असतात आणि खूण कशाच्या जागी आहे ते ओळखायचं असतं. लिहायची अपेक्षा दुसऱ्या वर्षी, सहा ते सात वयात. अमेरिकेत अनेक राज्यांनी घेतलेल्या ‘कॉमन कोअर’ आराखड्यात हे दुसरीच्या इयत्तेत येतं. म्हणजे घरात, अंगणात इंग्रजीच ऐकणारी मुलं ज्या वयात हे लिहायला शिकतात, त्याच वयात तुमचा मुलगा दुसरी भाषा म्हणून तेच शिकतोय. वर्षभरात हळूहळू चुका कमी होत गेल्या तर उत्तम चाललंय असं समजा. मोबाइल किंवा संगणकावर मात्र सध्या हा सराव नको. तिथे खूण न देता शब्द टाइप केला तरी यंत्र आपणहून दुरुस्त करतं आणि मुलाला काही कळतच नाही.

शाळेत बाईंना भेटा, तक्रारीच्या सुरात नको. त्याच्या वहीतले असे चुकलेले शब्द एका कागदावर उतरवून न्या आणि दाखवा, की चूक दर वेळी एकाच जागी आहे, सांध्यावर. बहुतेक शिक्षकांना असा कागद समोर आला की लगेच उमगतं. मग घरी तुम्ही काय करताय ते सांगा आणि विनंती करा, की काही दिवस शेऱ्याऐवजी समासात टिंब द्यावं. घरी आणि शाळेत एकच पद्धत असली तर त्याला फार सोपं जाईल. त्याच्या बाबांनाही तुकड्यांच्या खेळात घ्या. त्यांनी मुद्दाम चुकीचा शब्द मांडायचा आणि मुलाने पकडायचा. वडिलांची चूक पकडताना जे लक्ष लागतं, तसं दुसऱ्या कशात लागत नाही.

धाकटीला सध्या यातलं काही शिकवू नका. चार वर्षांच्या मुलीने हे शब्द ऐकावेत आणि बोलावेत, लिहायचं नंतर. तिला इंग्रजी गोष्ट वाचून दाखवताना ‘डोन्ट’ आला तर तुमच्या सोयीसाठी त्याचा ‘डू नॉट’ करू नका, लिहिलाय तसाच, बोलण्याच्या लयीत वाचा. दादाच्या तुकड्यांमध्ये येऊन बसली तर बसू द्या आणि रंगीत तुकडे सांभाळायचं काम तिच्याकडे द्या.